शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निर्जंतुकीकरणाचं कोणतं उपकरण घ्यावं?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: नववी-दहावीच्या मुलांकडून पेट्री डिशमध्ये (झाकण असलेल्या उथळ बशीत) जिवाणू आणि बुरशी वाढवण्याचे प्रयोग करून घ्यायचेत, विक्रेत्याने यूव्ही (अतिनील किरणांचं) कॅबिनेट, हॉट एअर ओव्हन आणि ऑटोक्लेव्ह अशी तीन नावं पुढे केलीत, आणि पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. मी शाळेच्या प्रयोगशाळेचंच काम बघते, म्हणून आडवळण न घेता सांगते. वाफेवर चालणारं घ्या. छोटा उभा ऑटोक्लेव्ह, आणि तो परवडत नसेल तर जाड बुडाचा, चांगला प्रेशर कुकर.

उपकरण निवडताना बहुतेक जण प्रयोगाच्या आधीचा विचार करतात: डिश स्वच्छ हवी, माध्यम (ज्यावर जिवाणू वाढतात ते खाद्य) निर्जंतुक हवं. पण प्लास्टिकच्या डिश कारखान्यातूनच निर्जंतुक होऊन सीलबंद येतात, आणि तयार आगरही (जेलीसारखं घट्ट माध्यम) विकत मिळतं. खरी गरज प्रयोगानंतर पडते. दाराच्या मुठीवरून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना चार-पाच दिवसांत डिशभर पसरतो. पिवळे ठिपके, पांढरी साय, कडेला हिरवट बुरशी. त्यात नेमकं काय वाढलंय हे शाळेत कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ते तसंच कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. हे मारायची खात्रीची सोय तुमच्याकडे आहे का, या एका प्रश्नावर उपकरण ठरवा.

नुसतं उकळून भागत नाही. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही आणि काही जिवाणूंचे बीजाणू तेवढ्यावर आरामात तगतात. तीच वाफ कोंडून दाब बाहेरच्या हवेपेक्षा १५ पीएसआयने (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) वाढवला की तापमान १२१ अंशांवर जातं. तिथे १५ ते २० मिनिटं पुरतात. मोठा भरलेला फ्लास्क किंवा डिशनी गच्च भरलेली पिशवी असेल तर आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून अर्धा-पाऊण तास ठेवा. वेळ मोजायची ती पूर्ण दाब आल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे.

ऑटोक्लेव्ह हा कुकरचाच सख्खा भाऊ. देनी पापँने दाबाखाली शिजवायचं भांडं १६७९ मध्ये केलं. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने १८७९ मध्ये त्याच तत्त्वावर प्रयोगशाळेचं यंत्र केलं. त्यामुळे कुकर वापरण्यात कमीपणा काही नाही. फक्त तो १५ पीएसआयच्या आसपास चालतो ना, हे माहितीपुस्तिकेत बघा. बटणांचे इलेक्ट्रिक कुकर बरेचदा त्याहून कमी दाबावर चालतात. २५० मिलीचा शंकुपात्र फ्लास्क आत जाळीवर उभा मावला पाहिजे. आणि एकदा प्रयोगशाळेत आलेला कुकर परत स्वयंपाकघरात जाणार नाही, हे त्याच्यावर रंगाने लिहून ठेवा.

ऑटोक्लेव्हच घेणार असाल तर भल्यामोठ्या आडव्या यंत्राच्या मोहात पडू नका. ते तापायला वेळ खातं, निवायला वेळ खातं, आणि शाळेत निम्मं रिकामंच चालतं. दाबमापक, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पाणी संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय या तीन गोष्टींवर तडजोड नको. झाकणाचं रबर सुटं मिळतं का हे आधी विचारा, कारण सगळ्यात आधी तेच जातं. हीटर किती वॅटचा आहे ते पाहून सॉकेटची सोयही इलेक्ट्रिशियनला दाखवा.

वापरताना दोन गोष्टी मुलांसमोर मी दरवेळी मोठ्याने म्हणते. पहिली, आतली हवा आधी बाहेर जाऊ द्या. वाफेचा झोत काही मिनिटं सलग येऊ द्यायचा, मगच व्हॉल्व्ह बंद करायचा किंवा शिट्टी लावायची. हवा अडकली तर काटा १५ दाखवतो, पण तापमान १२१ पर्यंत पोचतच नाही. दुसरी, दाब आपोआप उतरू द्या. घाई करून वाफ सोडली की फ्लास्कमधलं आगर एकदम फेसाळून उसळतं, कापसाचं बूच भिजतं आणि सगळं माध्यम कुकरच्या तळाशी. उघडणाऱ्याचा हात भाजतो तो निराळा. फ्लास्क दोन तृतीयांशच भरा, बाटल्यांची झाकणं सैल ठेवा.

वापरलेल्या प्लास्टिक डिश ऑटोक्लेव्हच्या पिशवीत किंवा पत्र्याच्या डब्यात घालूनच आत ठेवा. त्या पॉलिस्टायरिनच्या असतात, वितळून गोळा होतात आणि जाळीला चिकटल्या की खरवडत बसावं लागतं. ब्लीचमध्ये भिजवलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही. विषारी वायू सुटतो.

हॉट एअर ओव्हन वाईट नाही, पण तो दुसऱ्या खेपेला. १६० अंशांवर दोन तास किंवा १७० वर एक तास, आणि तेही फक्त कोरड्या काचेला आणि धातूला. माध्यम, रबर, प्लास्टिक त्यात चालत नाही, म्हणजे वाढवलेल्या डिशचा प्रश्न तसाच राहतो.

यूव्ही कॅबिनेटमध्ये सुरक्षाचष्मे ठेवा, छान काम होतं. कल्चर, म्हणजे डिशमध्ये वाढवलेले जिवाणू-बुरशी, मारायला त्याचा उपयोग नाही. ते किरण समोरच्या पृष्ठभागापुरतेच; सावलीत पोचत नाहीत, साध्या काचेतूनही जात नाहीत. दिवा निळा दिसतोय म्हणजे किरण पुरेसे आहेत असंही नाही. दार उघडल्यावर दिवा बंद होत नसेल तर मुलांच्या डोळ्यांना धोका.

लूप (जिवाणू उचलायची, टोकाला कडं असलेली तार) निर्जंतुक करायला बर्नरची ज्योत पुरते, तार लालभडक होईपर्यंत. टेबल पुसायला ७० टक्के अल्कोहोल, पण ते पूर्ण सुकल्याशिवाय बर्नर पेटवू नका.

ऑटोक्लेव्हची पट्टी (सामानावर चिकटवायची, उष्णतेने रंग बदलणारी टेप) काळी झाली म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं, पुरेसा वेळ लागली का ते नाही. खात्रीसाठी बीजाणूंच्या चाचणीपट्ट्या मिळतात, पण त्या वाढवायला ५५ ते ६० अंशांचा इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) लागतो. शाळेत मी सोपं करते: प्रत्येक खेपेतली एक आगरची बाटली न उघडता आठवडाभर फळीवर ठेवते. ती गढूळ झाली किंवा वर ठिपके आले, तर त्या खेपेचं बाकीचं माध्यम वापरत नाही आणि आधी झाकणाचं रबर तपासते.