गेममधलं डेनुवो कंपन्या किती दिवस ठेवतात?

तुम्ही विचारलंय की तुम्हाला हव्या असलेल्या गेमला डेनुवो (चोरीची प्रत चालू नये म्हणून गेममध्ये घातलेलं, इंटरनेटवरून परवाना तपासणारं संरक्षण) आहे, ते प्रकाशक कधी काढतात आणि तोवर खरेदी लांबवावी का. ठरलेली मुदत अशी नाही. माझ्या पाहण्यात बहुतेकदा सहा महिने ते दोन वर्षं लागतात, आणि काही गेममधून ते निघतच नाही.

'डूम' मे २०१६ मध्ये आला आणि त्याच डिसेंबरात डेनुवो काढलं गेलं. 'डेव्हिल मे क्राय ५'ला साधारण अकरा महिने लागले, 'रेझिडेंट ईव्हिल व्हिलेज'ला जवळपास दोन वर्षं. 'राइम'च्या निर्मात्यांनी तर आधीच सांगून टाकलं होतं की गेम क्रॅक झाला, म्हणजे कुणी हे संरक्षण फोडलं, तर आम्ही हे काढू. तो पाच दिवसांत क्रॅक झाला आणि त्यांनी शब्द पाळला.

यामागे पैशाचं गणित आहे. डेनुवो एकदाच विकत घेऊन टाकायची वस्तू नाही, गेममध्ये ठेवायचं तर पैसे भरत राहावे लागतात. २०२० मध्ये क्रायटेक या गेम कंपनीची कागदपत्रं फुटली, त्यात 'क्रायसिस रीमास्टर्ड'साठी पहिल्या वर्षाचे सुमारे १,४०,००० युरो आणि पुढे दरमहा २,००० युरो असा दर होता. आणि या खर्चाचा मोबदला मिळतो तो फक्त सुरुवातीला. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरच्या, डेनुवो असलेल्या ८६ गेमचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्याच आठवड्यात क्रॅक आला तर उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटतं, पण बारा आठवड्यांनंतर आला तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पहिले तीन महिने संरक्षण ठेवा, त्यात गैर काही नाही. लोकांनी वर्षानुवर्षं खपून गेम बनवलेला असतो, त्यांचे पैसे वसूल व्हायलाच हवेत. पण त्यानंतरही ते तसंच राहिलं, तर भुर्दंड पडतो तो पैसे मोजणाऱ्यालाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेनुवोच्या एका डोमेनची (इंटरनेटवरच्या पत्त्याची) मुदत संपली आणि रीतसर विकत घेतलेले कितीतरी गेम काही तास सुरूच होईनात. 'व्हिलेज' अडखळत चालायचा, तेव्हा त्याच्या प्रकाशकाने, कॅपकॉमने, पॅच (दुरुस्तीचं अपडेट) दिला आणि पायरसीविरोधी यंत्रणा सुधारल्याचं त्यात नमूदही केलं. त्याहून जुनं उदाहरण सेफडिस्कचं, म्हणजे गेमच्या डिस्कची नक्कल रोखणाऱ्या जुन्या संरक्षणाचं. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून २०१५ मध्ये विंडोज १० मधून त्याचा आधार काढला आणि लोकांच्या कपाटातल्या अस्सल डिस्का चालेनाशा झाल्या. ज्यांच्या प्रकाशकांनी आधीच पॅच देऊन ते संरक्षण काढलं होतं, ते गेम आजही चालतात. मला काळजी वाटते ती याच गोष्टीची: वीस वर्षांनी तपासणारा सर्व्हर नसेल, तेव्हा हे गेम कोण उघडणार?

आता तुमच्यापुरतं. स्टीमवर गेमच्या पानावर उजवीकडे डेनुवोचा उल्लेख असतो, तो आधी पाहा. मग त्याच प्रकाशकाच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या गेमची पानं उघडा. तिथे तो उल्लेख अजून दिसत असेल, तर या गेममधूनही लवकर निघेल असं धरून चालू नका. कॅपकॉमसारख्यांच्या बाबतीत मात्र वर्ष-दोन वर्षं थांबणं परवडतं, कारण तोवर किंमतही उतरलेली असते आणि पॅचही येऊन गेलेले असतात.