बंदूकवाल्याने पैसे भरावेत का? भरावेत, पण कशाचे ते आधी ठरवा

प्रश्न असा आहे, की अमेरिकेत गाडीवाला कर भरतो, मग बंदूकवाल्याने का भरू नये? पहिली गोष्ट, तो भरतोच. पिटमन-रॉबर्टसन कायदा १९३७चा. पिस्तुल-रिव्हॉल्वरवर १० टक्के, इतर बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर. तो उत्पादक आणि आयातदार भरतात, किमतीतच मुरतो, म्हणून कुणाला दिसत नाही. पैसा जातो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे. शिकारी मंडळी त्यावर कुरकुर तर करत नाहीतच, वर मिरवतात.

भांडण आहे ते दुसऱ्या जातीच्या कराचं. १९३४मध्ये मशीनगन, सायलेन्सर वगैरेंवर २०० डॉलरचा कर बसवला, तो तिजोरी भरायला नव्हे, लोकांनी त्या वाटेला जाऊ नये म्हणून. रक्कम तेव्हा जबर होती. पुढे वाढवलीच नाही, महागाईने तिचे दात पाडले. २०२६पासून तर सायलेन्सरवर ती शून्य झाली.

माझं मत: परवान्याचं शुल्क जरूर घ्या, पण तपासणी आणि कागदपत्रांना येईल तेवढ्याच खर्चाचं. मिरवणुकीच्या परवान्याबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१मध्ये असं शुल्क चालवून घेतलं. पण नुसता हक्क बजावायचे पैसे मागता येणार नाहीत, हे १९४३मध्ये धर्मप्रचाराच्या खटल्यात बजावलं. तिथे बंदूक बाळगणं हाही घटनेने दिलेला हक्क, म्हणून बंदुकीलाही हीच फूटपट्टी लावावी. शुल्क मुद्दाम चढं ठेवलं तर धोकादायक माणूस गाळला जात नाही, गरीब गाळला जातो. चोरीची बंदूक वापरणारा तर रांगेतच नसतो!

गोळीबाराचा खर्च समाजाने का सोसावा, हा विरुद्ध बाजूचा मुद्दा मात्र मला पटतो. इस्पितळं, पोलीस, सगळं करदात्यांच्याच खिशातून चालतं. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४पासून विक्रेत्यांवर ११ टक्के कर लावला आणि पैसा हिंसा रोखण्याच्या कामांसाठी राखून ठेवला. हे निदान सरळ आहे. इलिनॉयमधल्या कुक काउंटीचा बंदूक-कर २०२१मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पडला, कारण गोळा केलेला पैसा त्या कामाशी पुरेसा बांधलेलाच नव्हता.

तरी खरेदीवरच्या करात एक भोक राहतंच. पहिली बंदूक घेणारा आज पैसे मोजतो, कपाटभर जुन्या बंदुका असलेला काहीच देत नाही. त्याच्याकडून दरवर्षी घ्यायचं म्हटलं, तर कुणाकडे काय आहे त्याची नोंद हवी, आणि देशभराची तशी नोंदवही केंद्र सरकारने करायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे.