भूमिगत, फरार की अज्ञातवासात?

प्रश्न असा: रॉबर्ट रेडफर्डच्या ‘द कंपनी यू कीप’ (२०१२) या चित्रपटावर मराठीत लिहायचं आहे. तीस वर्षं खोट्या नावानं राहिलेल्या ‘वेदर अंडरग्राउंड’ या अमेरिकेतल्या व्हिएतनाम युद्धविरोधी जहाल डाव्या संघटनेच्या माजी कार्यकर्त्यांना ‘भूमिगत’ म्हणावं की ‘फरार’?

दोन्ही शब्द लागतील, पण कोण बोलतंय ते पाहून.

‘फरार’ हा पोलिसांचा आणि कोर्टाचा शब्द. मूळ अरबी, अर्थ पळून जाणं. माणूस कशापायी पळाला याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही. दरोडेखोर फरार होतो, तसा बँक बुडवणाराही. चित्रपटात एफबीआयच्या माणसांच्या तोंडी हाच शोभेल.

‘भूमिगत’ हा चळवळीचा शब्द, आणि मराठी कानाला त्यात १९४२ ऐकू येतं: अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली, उषा मेहतांचा गुप्त रेडिओ. पुढे आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे काम थांबलेलं नव्हतं. पत्रकं निघत होती, निरोप जात होते. भूमिगत माणूस लपतो तो काम चालू ठेवण्यासाठी. म्हणूनच आपण ‘भूमिगत राहून लढा दिला’ असं सहज म्हणतो. ‘फरार राहून लढा दिला’ कुणी म्हणत नाही.

आता ‘वेदर’वाल्यांकडे पाहा. १९७१मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत बॉम्बस्फोट केला, १९७२मध्ये पेंटॅगॉनमध्ये. तेव्हा ते पुरेपूर भूमिगत होते. व्हिएतनाम युद्ध १९७५मध्ये संपलं आणि पाठोपाठ संघटनाही विस्कटली. तरी संघटनेची एक पुढारी बर्नार्डिन डोर्न पोलिसांपुढे आली ती १९८०च्या डिसेंबरात. मधली वर्षं ती कायद्याच्या लेखी फरार होतीच, पण भूमिगत? चळवळच उरली नव्हती, मग मला तरी तो शब्द तिथे पोकळ वाटतो.

या उरलेल्या काळासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: अज्ञातवास. पांडव विराटाघरी लपून बसले नव्हते. नाव बदलून चारचौघांत वावरत होते. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करत होती, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात राबत होता. रेडफर्डचा निक स्लोन असाच जिम ग्रँट या नावानं ऑल्बनीत उघडपणे वकिली करतो, लेकीला वाढवतो. अज्ञातवासाला मुदत असते आणि ओळख पटली की तो मोडतो, हेही इथे कामाला येतं: एक तरुण वार्ताहर नेमकी ती ओळखच उघडी पाडतो. फक्त या शब्दात माया आहे, हे ध्यानात ठेवा. चित्रपटात या कार्यकर्त्यांनी मिशिगनच्या बँकेवर घातलेल्या दरोड्यात मारल्या गेलेल्या रखवालदाराच्या घरचे तो वापरणार नाहीत. त्यांच्यासाठी हे सगळे फरारच.

‘परागंदा’ मात्र टाळा. त्यात देशोधडीला लागणं आहे, वेषांतर नाही.

आणि चित्रपटात शेरॉन सोलार्झ या माजी कार्यकर्तीला अटक होते तेव्हा ती ‘आत्मसमर्पण करायला’ निघाली होती, असं लिहू नका. आपल्याकडे माणूस पोलिसांत हजर होतो. ‘ती स्वतःहून हजर व्हायला निघाली होती, तेवढ्यात पेट्रोल पंपावरच तिला धरलं’ असं लिहा.