लेझर मशीन नंतर, आधी खेळतं भांडवल

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय वेल्डर. अंबडच्या एका कारखान्यात चार वर्षं मिग वेल्डिंग करतो. आता स्वतःचं फॅब्रिकेशन शॉप टाकायचं म्हणतो. माझ्या निवृत्तीच्या पैशातले आठ लाख मी देऊ शकतो. वर कर्ज काढून लेझर कटिंग मशीन घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. पैसे द्यावेत का?
– एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर : नमस्कार. द्या. पण आठही लाख एकदम नको, आणि लेझरसाठी तर एक रुपयाही नको.

अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंग आणि बेंडिंगचं जॉबवर्क करून देणारे आहेत. ड्रॉइंग द्यायचं, कापलेला माल आणायचा. स्वतःचं मशीन घेतलं की काम नसलेल्या महिन्यातही हप्ता जातोच. सुरुवातीला मिगचा सेट, आर्क वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन, कट-ऑफ मशीन, दोन ग्राइंडर, ड्रिल आणि लेव्हलमध्ये बसवलेलं टेबल एवढं पुरे. दोन लाखांच्या आत बसवा. जुनं चालेल, केबल मात्र नवी घ्या. गाळा घेण्याआधी तिथे थ्री फेज आहे का, मीटर कुणाच्या नावावर आहे, हे बघा.

उरलेले सहा लाख खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा खर्च चालवायला हाताशी ठेवायचे. का, ते सांगतो. समजा महिन्याला लोखंड 1,20,000, मजुरी 50,000, गाळाभाडं-वीज-गॅस 30,000. म्हणजे दोन लाख गेले. बिल झालं 2,30,000 चं. कंपनी पैसे देते साठ दिवसांनी, आणि लोखंडवाला नव्या माणसाला उधार देत नाही. म्हणजे पहिला चेक येईपर्यंत तीन महिन्यांचे सहा लाख खिशातून गेलेले असतात. त्यात जीएसटी. बिलावर 18 टक्क्यांनी 41,400, त्यातून लोखंडावर भरलेले 21,600 वजा, तरी 19,800 सरकारला द्यायचे, तेही गिऱ्हाइकाचे पैसे आलेले नसताना.

माझ्या मेहुण्याचं शॉप असंच बसलं. ऑर्डरी वहीभर होत्या. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पाच महिने बिल अडकवलं आणि तिकडे कामगार निघून गेले.

म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशी करा, ती फुकट होते. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. (एकच गिऱ्हाईक असलेला माणूस तक्रार करत नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच एकाच कंपनीवर शॉप चालवू नये.) निम्मं काम रोखीचं धरा : गेट, ग्रिल, जिने, शेड. उन्हाळ कांदा निघायच्या आधी निफाड-चांदवडकडे लोखंडी कांदाचाळीची कामं निघतात. तिथे निम्मा ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय अँगल कापायचा नाही.

कर्जाचं म्हणाल तर सातपूरला आयटीआयजवळ उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, या योजनेत उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. खुल्या गटाला स्वतःचे 10 टक्के घालावे लागतात, अनुदान शहरात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के. हे अनुदान लगेच हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. आणि योजना नव्या उद्योगाला आहे, आधी शॉप सुरू करून मग अर्ज केला तर बाद. त्यामुळे गाळ्याची पूजा करण्याआधी तिथे जाऊन या, सध्याचे नियमही तिथेच कळतील.

आता मुलाची परीक्षा. वेल्ड त्याचं चांगलंच असेल, मला त्याचा अंदाज बघायचाय. 1 मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा 7.85 किलो भरतो. म्हणजे आठ बाय चार फुटांचा 2 मिमीचा पत्रा साधारण 47 किलो. हे तोंडपाठ नसेल तर तो शेजारच्या शॉपचा किलोचा रेट ऐकून त्यापेक्षा दोन रुपये कमी सांगेल, आणि रंग, कटिंग व्हील, टेम्पोभाडं, भंगारात गेलेले तुकडे सगळं स्वतःच्या अंगावर घेईल.

त्याला म्हणावं, आपल्याच सोसायटीच्या गेटचं माप घे आणि किलो, तास, रंग, वाहतूक धरून किंमत कागदावर लिही. नोकरी चालू असतानाच रविवारी अशी तीन कामं कर. तिन्हींचा खर्च अंदाजाच्या जवळपास आला, तर पहिले दोन लाख काढा.