रेकी म्हणजे नक्की काय? केमो चालू असलेल्या आईसाठी शिकावी का?

तुम्ही लिहिलंय की आईची केमो चालू आहे, तुम्हाला रेकी शिकायचीय आणि भाऊ म्हणतो सगळं थोतांड आहे. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. माझा दादाही हेच म्हणायचा.

रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा द्यायची, असं मानणारी पद्धत, मूळची जपानची. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास आणि ध्यान केलं, त्यातून ती त्यांना सापडली असं सांगतात. त्यांचे शिष्य हायाशी नौदलातले डॉक्टर. त्यांच्या टोकियोच्या दवाखान्यात उपचारांना आलेल्या हवाईच्या हवायो ताकाता ती शिकून गेल्या आणि त्यांच्यामुळे जगभर पसरली. क्लासमध्ये उसुई ख्रिस्ती प्राचार्य होते अशी गोष्ट ऐकाल, तिला पुरावा नाही. करायचं एवढंच: डोळे, कानशिलं, मान, छाती, पोट, प्रत्येक जागी तीन ते पाच मिनिटं हात ठेवायचे. चोळायचं नाही, दाबायचं नाही.

आईच्या तिसऱ्या केमोनंतरची गोष्ट. रात्रीचे दोन वाजलेले, मळमळीने तिचा डोळ्याला डोळा नाही, तळपाय गार पडलेले. मी नुकती रेकीची फर्स्ट डिग्री, म्हणजे पहिली पायरी, घेतली होती. तिच्या डोळ्यांवर हात ठेवले तर म्हणाली, "कांद्याचा वास येतोय गं." ठेवू दिले मात्र. पोटावर हात आले तोवर तिच्या कपाळावरची आठी गेली होती. पायांशी पोचले तेव्हा ती घोरत होती. माझे तळवे कढत झाले होते. तशी झोप तिला आठवड्याभरात लागली नव्हती.

दादा दारातून बघत होता. सकाळी म्हणाला, "तिला खोटी आशा लावू नकोस." गाठ जाईल असं मी एकदा तरी म्हटलं होतं का? मला तिची झोप हवी होती, आणि ती मी तिला दिली. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चार नातेवाईक जमले की तो सांगतो, हिने आईवर प्रयोग केले. केमोची एक तारीख आम्ही चुकवली नाही, हे सांगत नाही.

त्याला मी एक गोष्ट कधीच सांगितली नाही. मला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, केमो विष आहे, बंद करा, मी लांबून रेकी पाठवते. मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. दादाला सांगितलं असतं तर त्याच्या हातात आयतं कोलीत मिळालं असतं.

तुमच्याही क्लासमध्ये कुणी असं म्हणालं तर तिथून उठा. ही ऊर्जा कुठल्या यंत्रावर मोजता आलेली नाही आणि रेकीने कॅन्सर बरा होतो याला काहीही पुरावा नाही. बरं वाटतं ते रेकीने, की कुणी तासभर जवळ बसल्याने, हे मलाही वेगळं करून दाखवता येणार नाही. डॉक्टरांच्या कानावर घाला. हात धुऊन बसा. पोर्टवर (केमो द्यायला कातडीखाली बसवतात तो), सुईच्या जागेवर हात ठेवू नका. केमो चालू असताना ताप आला तर रेकी देत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

फर्स्ट डिग्री एक-दोन दिवसांत होते, तेवढी पुरे. मास्टर, ग्रँडमास्टरवर पैसे घालवू नका, आईच्या औषधांना लागतील.

आणि भावाशी वाद घालू नका. एका रात्री त्यालाच आईच्या पायांशी बसवा, रेकीचं नाव न काढता. दादाला मी कधी बसवलं नाही. भांडत राहिले.