खोल व्ही खाचेला घाई नडते

गड्या, सागवानी फळीवर १२ मिमी खोल व्ही खाच मारायची म्हणतोस आणि सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं) छोटं, ५०० वॅटच्या स्पिंडलचं, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटारीचं. होईल, पण आधी हिशोब समजून घे. ९० अंशाच्या टोकाच्या बिटाने (कापणाऱ्या पात्याने) खाच जेवढी खोल, त्याच्या दुप्पट रुंद होते. म्हणजे १२ खोल, तर वर २४ रुंद. खोली दुप्पट केली की निघणारं लाकूड चौपट.

म्हणून ३-३ मिमीचे सारखे पास (बिटाच्या फेऱ्या) देऊ नकोस. पहिल्या पासात बिट ९ चौरस मिमी खातं, चौथ्यात ६३! मीही असंच केलं होतं; तीन पास लोण्यासारखे गेले, चौथ्याला बिट सरकवणाऱ्या मोटारने स्टेप सोडल्या, म्हणजे भाराने बिट जागा चुकलं, आणि दाराची फळी सरपणात गेली. उतरते पास दे, म्हणजे दर पासाला आधीपेक्षा कमी खाली जा: एकूण खोली ६, ८.५, १०.४, १२ मिमी. भार सारखा पडतो. तोही जास्त वाटला तर आठ पास कर, पण उतरतेच. शेवटी ०.२ मिमीचा हलका हात फिरव.

मोठं बिट घेण्याआधी त्याची दांडी बघ. ईआर ११ कोलेटात (स्पिंडलला बिट धरणारी छोटी पकड) ७ मिमीपेक्षा जाड दांडी जात नाही. बिट फिरण्याचा वेगही उतरव, मोठ्या बिटाची कड फार जोरात पळते, लाकूड जळतं.

फळी सपाट हवी. अर्धा मिमी वर-खाली झाली तर खाच एक मिमीने रुंद-अरुंद दिसते.

आणि हो, आपल्याकडची लाईट तुला माहीतच आहे. भर उन्हाळ्यात दुपारी लांब काम लावू नकोस.