वर्षातून एकदाच अप्रेझल होतं. दर आठवड्याला फीडबॅक दिला तर लोकांचं कामात मन लागेल का?

तुमच्याकडे चाळीस माणसं, मार्चमध्ये एकदा अप्रेझल, एरवी कामाबद्दल कोणी कोणाशी बोलत नाही, आणि आता मालकांना दर आठवड्याला फीडबॅक सुरू करायचाय, असं तुम्ही लिहिलंय. फरक नक्की पडेल. पण तो उलटाही पडू शकतो. माझ्या हातून तसं झालंय, म्हणून सविस्तर सांगते.

मी उत्तर गोव्यात एका हॉटेलचं हाउसकीपिंग सांभाळते. हाताखाली अठ्ठावीस जण, काही पेडणे-डिचोलीचे, काही दोडामार्ग-सावंतवाडीकडचे, काही झारखंडचे. पहिली दोन वर्षं मी रोज फीडबॅक देत होते. सकाळच्या ब्रीफिंगला पाहुण्यांच्या तक्रारी रूम नंबरसकट वाचायच्या. रूम कोणाची ते सगळ्यांना कळायचंच. एकदा बाथरूममध्ये केस सापडल्याची तक्रार आली. ती रूम आमच्यातल्या सगळ्यात चटपटीत मुलीची होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्या दिवसापासून ती नेमून दिलेलं तेवढंच करू लागली. नळ गळत असला तरी सांगायची नाही.

पुढे एका ट्रेनिंगमध्ये क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांचा १९९६चा अभ्यास ऐकला आणि मला तीच मुलगी आठवली. फीडबॅकवरच्या आधीच्या संशोधनातले ६०७ निष्कर्ष त्यांनी एकत्र तपासले. सरासरी पाहिली तर काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर ते आधीपेक्षा बिघडलं होतं. माणसाचं लक्ष कामावरून उठून 'मी कशी आहे' याच्यावर गेलं की फीडबॅकचा उपयोग कमी होत जातो, हा त्यांचा मुद्दा. मी नेमकं तेच केलं होतं.

आता ब्रीफिंगला तक्रारी वाचत नाही. ज्याची रूम त्याच्याशी ट्रॉलीपाशी दोन मिनिटं बोलते, त्याच दिवशी, त्याच कामाबद्दल: "जाळीत केस राहिला होता, लादी पुसून झाली की शेवटी जाळी बघ." कौतुकही तसंच नेमकं. नुसत्या 'छान'ने कोणाला काही कळत नाही. गॅलप या सर्वेक्षण कंपनीची कर्मचाऱ्यांसाठी बारा प्रश्नांची प्रसिद्ध पाहणी आहे, तिच्यात एक प्रश्न आहे: गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल तुमचं कौतुक झालं का? सात दिवस, वर्ष नव्हे.

त्या मुलीची मी माफी मागितली. तरी ती मोकळी व्हायला तीन-चार महिने गेले. मग एक दिवस म्हणाली, "ताई, चेकआउटच्या रूम अकराला रिकाम्या होतात आणि लॉन्ड्रीतून चादरी येतात साडेबाराला. मग सगळी धावपळ. बाथरूमला वेळ कुठला?" मी जाऊन बघितलं, अगदी खरं होतं. केसाची तक्रार तिच्या निष्काळजीपणाची नव्हतीच. लॉन्ड्रीची फेरी दहाला आणली आणि ब्रीफिंगला सांगितलं की हे हिने सुचवलं. त्यानंतर बाकीचेही बोलायला लागले, कोणी ट्रॉलीच्या चाकाबद्दल, कोणी रबरी हातमोज्यांबद्दल. माझ्या मते लोकांचं मन लागतं ते इथे, आपण बोललो आणि काहीतरी हललं हे दिसतं तेव्हा.

सगळंच हलवता येत नाही. स्टाफच्या बसची वेळ माझ्या हातात नव्हती. तेही दुसऱ्याच दिवशी कारणासकट सांगितलं. नाराज झाले, पण बोलायचे थांबले नाहीत.

पगारवाढीचा विषय या दोन मिनिटांत आणू नका, नाहीतर माणूस पुढचं काही ऐकत नाही. आणि पगार उशिरा होत असेल, चवथीची रजा ऐनवेळी रद्द होत असेल, तर आधी ते निस्तरा. पावसाळ्यात गर्दी कमी असते, तेव्हा मी एकेकाशी अर्धा तास बसते. ऑक्टोबरपासून सीझनभर दोनच मिनिटं, आणि तीही पुरतात.

मालकांना सांगा, अ‍ॅप वगैरे नंतर घ्या, आधी एक वही घ्या. माझ्या वहीत दोन रकाने आहेत: कोणी काय सांगितलं, आणि मी उत्तर कधी दिलं. दुसरा रकाना रिकामा असेल तर त्या आठवड्यात मी नवीन काही विचारत नाही, आधी राहिलेली उत्तरं देऊन येते.